आई, बाबा, सही केलीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की तुमचं "बरं बरं, जेवलीस का" सुरू होतं आणि माझं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. गूगलची ऑफर घेतली मी. परवा रात्री सही केली. बेंगलोरला जायचंय, दोन महिन्यांनी. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला, पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं लगेच "जा" म्हणाला असतात आणि बाबा रात्रभर जागे राहिले असते.

अजून एक सांगायचंय. मार्चमध्ये बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर मी घरी होते, तेव्हा एका दुपारी वरच्या खोलीत दार लावून बसले होते ना, ऑफिसची मीटिंग म्हणून, ती मीटिंग नव्हती, इंटरव्ह्यू होता. आई, तू पायांचा आवाज न करता जिना चढून दाराबाहेर थालीपीठ ठेवून गेलीस, मी दार उघडलं तोवर वरचा लोण्याचा गोळा पार वितळून ताटलीभर पसरला होता. गुडघे दुखत असताना चढलीस आणि मी तुझ्याशी खोटं बोलले होते. तेव्हापासून टोचतंय.

आधी एक फोनवरचा झाला, मग चार, प्रत्येकी ४५ मिनिटं. कोड साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहायचा, चालवून बघता येत नाही, आणि डोक्यात काय चाललंय ते सतत बोलत राहायचं. तिसऱ्याला मी अडकले. रस्त्यांचं जाळं दिलेलं, मधले काही रस्ते बंद, तर कुठून कुठे पोचता येईल ते काढायचं. दोन मिनिटं काही सुचेना. मग बाबा, तुमचं आठवलं, "उत्तर राहू दे, आधी रीत मांड." मग मी बोलत गेले, हा रस्ता बंद, मग इकडून वळायचं, इथे आधी येऊन गेलोय म्हणून परत नको, २०१९ च्या पुरात तुम्ही फोनवर मामाला सांगत होतात ना अगदी तस्संच. शेवटची ओळ लिहायची राहिली तरी निवड झाली, कारण इंटरव्ह्यू घेणारा ठरवत नाही, तो सगळं लिहून देतो आणि मला कधी न बघितलेली कमिटी ते वाचते. रीतीचे मार्क मिळाले, बाबा.

पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे, मी विचारलं होतं, पण मला घेणारी टीम बेंगलोरला आहे. २०२३ मध्ये त्यांनी १२,००० लोक काढले ते तुम्ही पेपरात वाचलंय, माहितीये. म्हणून सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलाय, होमलोनचे हप्ते धरून. आणि इन्शुरन्समध्ये तुम्हा दोघांची नावं घालणारे.

आई, जेवायला ऑफिसातच मिळतं, सकाळपासून रात्रीपर्यंत, फुकट. भाकरी नसेल कदाचित, पीठ तू देशीलच. ऑफिसचं नाव अनंता आहे, तुला आवडेल. राणी चन्नम्मा एक्सप्रेस दुपारी सांगलीहून सुटते, सकाळी बेंगलोर, बदलायची भानगड नाही. पुण्याहून येताना तरी कुठे दर आठवड्याला यायचे मी, हे मी स्वतःलाच समजावतेय खरं तर. दादा घरापासून लांब राहायला गेला त्या रात्री तू देवघरापुढे किती वेळ बसली होतीस ते मी पांघरुणातून बघत होते. तसं नको बसूस गं.

आता ऐका. बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही, "बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. आमराईत चालायला जायचं, पण मोबाईल खिशात घेऊन, टेबलावर ठेवून नाही. टाकी बघायला गच्चीवर कोणी चढायचं नाही, शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगून ठेवलंय. आई, जिन्याला दुसऱ्या बाजूने पण कठडा बसवायला मिस्त्री शनिवारी येतोय, त्याला परत पाठवू नकोस, पैसे दिलेत मी.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. रागवायचं असेल तर तेव्हा समोर रागवा. आणि यावेळी थालीपीठ खालीच, तुमच्यासोबत बसून खाईन.

तुमची,
छकुली