जॉइंट कस्टडी म्हणजे पोराचे दिवस वाटून घेणं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोटानंतर मुलांचा ताबा कोणाकडे, यावरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. जॉइंट कस्टडी म्हणजे मूल एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे असं त्यात आहे, पण तसं फार कमी ठिकाणी होतं हो. मी यातून गेलेय म्हणून लिहितेय.

आपल्याकडे जॉइंट कस्टडीसाठी वेगळं कलमच नाही. 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट आणि हिंदूंसाठी 1956 चा हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्ट, त्यावरच चाललंय. त्या 56 च्या कायद्यात पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे म्हटलंय, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचं (वा रे वा!). लॉ कमिशनने (सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणारा आयोग) 2015 च्या 257 व्या रिपोर्टमध्ये जॉइंट कस्टडी कायद्यात आणा म्हणून सांगितलं, ते तसंच पडून आहे. तरी कोर्टं देतात. कर्नाटक हायकोर्टाने 2013 मध्ये एका केसमध्ये जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे असं केलं होतं, पण असली वाटणी दोन्ही घरं एकाच शाळेच्या टप्प्यात असतील तरच जमणार ना, एक जण नाशिकला आणि एक हिंजवडीत असेल तर पोरानं काय शिवशाहीत बसून होमवर्क करायचा?

आमचा घटस्फोट म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने झाला. मुलगी राहते माझ्याकडे, पण शाळा बदलणं, मोठी ट्रीटमेंट, दुसऱ्या शहरात जाणं हे दोघांनी मिळून ठरवायचं असं कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये) लिहिलंय, आणि माझ्या मते खरी जॉइंट कस्टडी ती हीच. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, दिवाळी आलटून पालटून, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. गणपतीचं मात्र वकिलांनी लिहिलंच नाही, त्यामुळे दर भाद्रपदात दोन्ही आज्यांचं महायुद्ध. पासपोर्टच्या सह्या, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणायला-सोडायला कोण येणार, उशीर झाला तर काय, हे सगळं आधीच लिहून घ्यावं. नंतर परिस्थिती बदलली तर कोर्टात अर्ज करून ऑर्डर बदलूनही मिळते, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अजून एक, काही बाबा लोक जॉइंट कस्टडी मागतात ते खर्च द्यायला लागू नये म्हणून. तसं होत नाही. कमाई कमी-जास्त असेल तर जॉइंट असूनही कोर्ट खर्च द्यायला लावू शकतं. आणि काही आया भेटीच्या दिवशी नेमका मुलाला ताप आणतात, तेही बघितलंय.

तुमच्या पुरवणीत फॅमिली कोर्टातल्या एखाद्या काउन्सेलर मॅडमकडून एक साधा नमुना लिहून घ्या ना, कन्सेंट टर्म्समध्ये मुलांबद्दल काय काय असावं त्याचा, वकिलाकडे जायच्या आधी लोकांच्या हातात असेल.

आपली,
एक वाचक, नाशिक