सत्तराव्या मिनिटाला पाय जड का होतात

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फुटबॉलच्या मॅचमध्ये सत्तराव्या मिनिटानंतर पाय उचलत नाहीत, तर टीममधल्या पोरांसारखा मॅचआधी एनर्जी ड्रिंकचा कॅन मारू का, असं विचारलंस. आधी कमी काय पडतंय ते बघ, मग काय प्यायचं ते ठरव.

त्या कॅनमधलं कॅफीन म्हणजे ताकद नव्हे. दमल्याची वर्दी मेंदूला देणारं अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याची जागा कॅफीन अडवून बसतं. दम कमी जाणवतो, लक्ष टिकतं. फायदा खरा आहे, उगाच नाही ठरावीक मर्यादेपलीकडचं कॅफीन २००३ अखेरपर्यंत उत्तेजकांच्या बंदी यादीत होतं. पण स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे पळायच्या इंधनाचा, साठा त्यानं रतीभरही वाढत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एप्रिलच्या उन्हात दुपारी चारला खेळताना उत्तरार्धात संपत येतं ते इंधन आणि पाणी. टाकी रिकामी असताना काट्यावर पट्टी चिकटवून गाडी पुढं जात नाही.

आता कॅनचा हिशोब. कॅफीनचा चांगला असर दिसायला साधारण वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम लागतं. तू ६० किलोचा, म्हणजे १८० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५च्या आसपास असतं. म्हणजे अडीच कॅन! कॅनवरच बारीक अक्षरात छापलंय, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. शिवाय त्यात साखर असते ११ टक्के. एवढं दाट पेय पोटातून लवकर पुढं सरकत नाही. पळताना डुचमळतं, कळ येते, कधी उलटीही होते. शुगर-फ्री कॅन घेतलास तर इंधनही नाही.

कॅफीन घ्यायचंच असेल तर इन्स्टंट कॉफी बरी. २ ग्रॅमच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम असतं. दोन चमचे कोमट पाण्यात, मॅचच्या तासभर आधी, आणि तेही पहिल्यांदा प्रॅक्टिसला. छातीत धडधड, हात थरथरणं, पोट बिघडणं यातलं काही झालं तर तो नाद सोडून दे. बेताच्या कॉफीनं अंगातलं पाणी आटतं म्हणतात, खेळणाऱ्याच्या बाबतीत त्यात तथ्य नाही. खरा तोटा झोपेचा. कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात. तीनला घेतलेल्या १२० मधलं ६० रात्री आठला अंगात असतं, ३० मध्यरात्रीनंतरही. सकाळी सहाला प्रॅक्टिस असेल तर ते महागात पडतं. प्री-वर्कआउट पावडरींना मात्र हात लावू नकोस. एका स्कूपमध्ये किती कॅफीन आणि बरोबर आणखी काय, याचा भरवसा नसतो.

स्पोर्ट्स ड्रिंकचं काम वेगळं: साखर ६ ते ८ टक्के, सोबत सोडियम. तासाभराच्या प्रॅक्टिसला त्याची गरज नाही, पाणी पुरे. नव्वद मिनिटांच्या मॅचला उपयोग होतो. विकत घेतलंस तर मागं १०० मिलीत साखर किती ते वाच. नाहीतर खोलीवरच कर: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (५ मिलीचे सपाट १५ चमचे), दीड ग्रॅम मीठ (तोच चमचा सपाट पाव), अर्ध्या लिंबाचा रस. चमचे शिगोशीग भरलेस की प्रमाण बिघडतं आणि पोट धरून बसायची पाळी येते. उसाचा रस याहून बराच गोड, तो मॅच संपल्यावर. ओआरएस जुलाबासाठी आहे. त्यात मीठ जास्त, साखर लिटरला जेमतेम साडेतेरा ग्रॅम, त्यानं पळायचं इंधन मिळत नाही.

दुपारी बाराला भात-आमटी किंवा चपाती-भाजी. मॅचच्या दिवशी मिसळ नको, तेलाचा कट पोटात तासन् तास रेंगाळतो. मग तीनशे-चारशे मिली पाणी सावकाश. हाफ टाइमला वरचं पेय अडीचशे ते तीनशे मिली, घोट घोट. पोट नाहीच म्हणालं तर तोंडात दहा सेकंद घोळवून थुंकलंस तरी थोडा फायदा होतो; जिभेला साखर कळली की मेंदू हात सैल सोडतो, असं दिसून आलंय.

किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारून कळत नाही, वजनकाट्यावर कळतं. मॅचआधी नि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन कर. १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर भरून काढ, जेवणात मीठ असू दे. सव्वा किलोच्या वर घट आली तर मॅचमध्ये कमी पडतंय. वजन वाढलं तर जास्त पितोयस, तेही वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं.

मॅच झाल्यावर गंगावेशीत दूध प्यायला हरकत नाही. साखर, प्रथिनं, सोडियम, पोटॅशियम सगळं त्यात आहे. म्हशीचं दाट दूध पचायला वेळ घेतं, म्हणून ते आधी नाही, नंतरच.

रविवारच्या मॅचचे दोन्ही आकडे आणि हाफ टाइमला किती प्यालास ते कळव, मग मिठाचं प्रमाण बघू. आई म्हणते, लिंबं इथून पाठवते.

तुझे,
बाबा
गडहिंग्लज