बटणासाठी ‘डिले’ नको

संपादक महोदय,

विज्ञान पुरवण्यांतून मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे) छोटे प्रकल्प छापून येतात, हे चांगलेच आहे. पण त्यांतल्या अनेक प्रोग्रॅममध्ये एलईडी लावा, ५०० मिलिसेकंद ‘डिले’ (तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा), विझवा, पुन्हा तेवढाच ‘डिले’ आणि मग बटण वाचा, असा क्रम असतो. म्हणजे सेकंदभर प्रोसेसर अडकून पडतो आणि बटणाकडे एकदाच पाहतो. त्याआधी बोट उचलले गेले की दाबणे वाया जाते, आणि खापर फुटते बटणावर.

जोडणी सोपी आहे. बटणाचे एक टोक पिनला, दुसरे ग्राउंडला आणि पिन ‘इनपुट पुलअप’ ठेवावी, म्हणजे चिपमधलाच रेझिस्टर तिला एरवी ‘हाय’ ठेवतो. वेगळा रेझिस्टर लागत नाही. फक्त दाबल्यावर वाचन ‘लो’ येते, हे ध्यानात असू द्यावे.

खरी गोम प्रोग्रॅममध्ये आहे. बटणाचे धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकदा दाबले तरी चार-पाचदा दाबल्यासारखे दिसते. म्हणून लूपच्या (प्रोग्रॅमच्या सतत फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक फेरीत पिन वाचावी. वाचन मागच्यापेक्षा बदलले, की ‘मिलिस’ची (प्रोग्रॅम सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनची) वेळ टिपून पुढे जावे, थांबू नये. तेच वाचन २५ मिलिसेकंद टिकले आणि ते आधीच्या मान्य स्थितीपेक्षा वेगळे असेल, तरच नवी स्थिती मान्य करावी. काम करायचे ते या बदलाच्या क्षणी, एकदाच. नुसते ‘लो आहे का’ एवढेच तपासले, तर बोट उचलेपर्यंत दाबण्यांची मोजणी धावत सुटते. बटण सुटेपर्यंत ‘व्हाइल’मध्ये (अट खरी असेपर्यंत फिरत राहणाऱ्या आज्ञेत) थांबणे म्हणजेही वेष बदललेला ‘डिले’च. एलईडीची उघडझापही ‘मिलिस’वरच न्यावी, एक ‘डिले’ उरला तरी सगळे मुसळ केरात.

टिपलेली वेळ ‘अनसाइन्ड लाँग’ या ३२ बिटांच्या, ऋण चिन्ह नसलेल्या संख्येच्या प्रकारातच ठेवावी. आर्डुइनो ऊनो या प्रचलित मायक्रोकंट्रोलर बोर्डवर ‘इंट’ हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो; त्यात ३२,७६७ च्या पुढची वेळ मावत नाही, त्यामुळे साधारण ३३ सेकंदांनंतर आत्ताच्या वेळेतून टिपलेल्या वेळेची वजाबाकी नेहमीच प्रचंड येते आणि थरथर गाळली जात नाही. टेबलावरच्या झटपट चाचणीत हे कळतही नाही. ‘मिलिस’ स्वतः सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तुलना ‘आत्ताची वेळ वजा टिपलेली वेळ’ अशी लिहिली, तर त्याने काही बिघडत नाही. ‘टिपलेली वेळ अधिक २५’ अशी लिहिली, तर बिघडू शकते.

इंटरप्ट (पिन बदलताच चालू काम थांबवून लगेच दखल घेण्याची सोय) वापरा, असेही सुचवले जाते. थरथर त्यालाही चुकत नाही. झोपलेला कंट्रोलर जागा करायचा नसेल, तर माणसाच्या बोटासाठी त्याची गरज नाही.

असे प्रोग्रॅम छापण्यापूर्वी त्यांतले ‘डिले’ काढून घ्यावेत, ही विनंती.

– एक वाचक