दिवा मंद होत होता, आणि ते तिने खरंच पाहिलं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘गॅसलाइटिंग’वरचा, म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच डोळ्यांवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावणाऱ्या छळावरचा, लेख वाचला. हा विषय घेतलात हे फार बरं केलंत. पण त्यातलं एक वाक्य मनाला लागून राहिलं, म्हणून लिहिते आहे. ‘गॅसलाइट’ चित्रपटात नवरा बायकोला वेडी ठरवण्यासाठी मुद्दाम घरातले दिवे मंद करतो, असं लेखात म्हटलं आहे. तसं नाही. ही चूक बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, आणि तिच्यामुळे चित्रपटाचा गाभाच हरवतो.

पॅट्रिक हॅमिल्टनचं मूळ नाटक १९३८ चं. त्यावर १९४० मध्ये इंग्लंडमध्ये चित्रपट निघाला आणि १९४४ मध्ये हॉलीवूडमध्ये जॉर्ज क्युकरने पुन्हा केला, तोच आज सगळ्यांना माहीत आहे. त्यात बायकोचं, पॉलाचं, काम करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. पॉलाच्या मावशीचा लंडनच्या घरात खून झालेला असतो. त्या मावशीचे दागिने शोधायला ग्रेगरी, म्हणजे तो नवरा, पॉलाशी लग्न करून त्याच घरात राहायला येतो. रोज रात्री बाहेर जातो असं सांगून निघतो आणि शेजारच्या रिकाम्या घरातून, छपरावरून, आपल्याच घराच्या बंद माळ्यावर उतरतो. तिथे उजेडासाठी गॅसचा दिवा लावला की खालच्या खोल्यांतल्या दिव्यांचा गॅस कमी होतो आणि त्यांच्या ज्योती खाली जातात. हे त्याने ठरवून केलेलं नसतं. त्याच्या कारस्थानातली ही एकच गोष्ट त्याच्या हातात नसते, आणि पॉला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असते.

त्याने ठरवून केलेलं असतं ते वेगळंच. तो तिला एक ब्रोच देतो, आपल्या हाताने तिच्या पर्समध्ये ठेवतो आणि वर प्रेमाने म्हणतो, तू वस्तू हरवतेस ना, म्हणून. तिला नवल वाटतं, कारण आपल्याला अशी सवय असल्याचं तिला माहीतच नसतं. मग ब्रोच नाहीसा होतो. भिंतीवरची तसबीर गायब होते तेव्हा तो नोकरांना बोलावून त्यांच्यासमोर विचारपूस करतो. एकदाही अंगावर हात टाकत नाही. आवाजात काळजी असते, ती पाहताना अंगावर काटा येतो.

मला मात्र सगळ्यात जास्त छळते ती स्वयंपाकीण एलिझाबेथ. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे माळ्यावरच्या पावलांचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. बिचारी खरं तेच सांगते, आणि पॉलाचा आधार सुटतो. पुढे पोलिस अधिकारी घरी येऊन जातो आणि ग्रेगरी दरडावून विचारतो, कोण पुरुष आला होता? मालकिणीला वाचवायला एलिझाबेथ सांगते, कुणीच नाही. ते ऐकून पॉलाला वाटतं, म्हणजे तेही आपल्याला भासलंच. माया करणाऱ्या माणसाच्या तोंडून असं घडतं.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझ्या मोठ्या बहिणीचं बँकेचं पासबुक कपाटातून नाहीसं व्हायचं आणि आठवड्याने तिथेच सापडायचं. मेहुणे शांतपणे म्हणायचे, “तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?” ती मला फोन करायची. मी म्हणायचे, “अगं ताई, तूच कुठेतरी ठेवलं असशील, आठवून बघ.” मला वाटायचं, मी तिला धीर देते आहे. शेवटी ती शाळेच्या वहीत लिहायला लागली: मंगळवार, दुपारी ३, पासबुक वरच्या कप्प्यात, साडीखाली. तशी पन्नासेक पानं भरली, तेव्हा कुठे मी वाचायला बसले. तेव्हा तिच्या लग्नाला २२ वर्षं झाली होती.

चित्रपटात अधिकारी पॉलाच्या खोलीत उभा असताना ज्योत खाली जाते, आणि ती गेल्याचं तो बोलून दाखवतो. तुम्हालाही दिसलं, हे कळल्यावर बर्गमनचा चेहरा जो उजळतो, तो पाहताना माझी बहीण माझ्या शेजारी बसून हमसून रडली.

म्हणून विनंती. पुढाऱ्यांच्या प्रत्येक थापेला ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द लावू नका. सभेतल्या थापेला हजार साक्षीदार असतात, या बायकांना एकही नसतो. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर ज्यांच्याकडे अशी बाई पहिल्यांदा बोलते त्या आई, बहीण, शेजारीण यांच्याबद्दल लिहा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो, त्यासाठी अंगावर वळ दाखवावे लागत नाहीत, आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, हेही ठळक छापा. माझ्या बहिणीला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आपली,
एक वाचक, सातारा