साखर तपासता, मग पायाचा अंगठाही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात बागांमध्ये, चौकाचौकांत मधुमेह तपासणीची शिबिरे भरतात. बोटाला टोचून साखर बघतात, बीपी घेतात, वजन करतात. बूट-मोजे काढायला मात्र सहसा कोणी सांगत नाही. मधुमेहात नसांचा बिघाड बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. तो ओळखायला 128 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 128 वेळा थरथरणारा, नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि दोन मिनिटे पुरतात. वाजवलेला काटा अंगठ्यावर टेकवायचा आणि त्याची थरथर कळते का ते बघायचे. काही शे रुपयांचे हे साधन प्रत्येक शिबिरात हवेच.

कंपन आपल्याला कळते ते त्वचेच्या खोल थरांत आणि हाडांच्या आवरणाजवळ असलेल्या पॅसिनियन कॉर्पसल या संवेदनाग्राहकांमुळे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, रचना कांद्यासारखी थरांची. एकसारखा दाब हे थर जिरवून टाकतात, बदलता दाब तेवढा आतल्या तंतूपर्यंत पोहोचू देतात. पायात चप्पल आहे हे आपण विसरतो, पण खिशातला मोबाईल थरथरला की लगेच कळते, ते यामुळेच. सेकंदाला 200 ते 300 कंपनांच्या आसपास हे ग्राहक सर्वांत तल्लख असतात. तिथे एक मायक्रोमीटरहून कमी हालचालही त्यांना पुरते.

हा संदेश जाड, वेगवान तंतूंमधून मज्जारज्जूच्या मागच्या भागात शिरतो आणि त्याच बाजूने थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत चढतो. वेदना आणि उष्णतेचे तंतू बारीक, त्यांची वाटही निराळी. म्हणून ‘सुई टोचलेली कळते, म्हणजे नसा ठीक’ हा समज धोक्याचा आहे. सांध्यांची स्थिती सांगणारे संदेशही कंपनाच्याच वाटेने जातात. बेसिनशी वाकून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अशी तक्रार असेल तर पाय तपासलेच पाहिजेत. पायातून चप्पल निसटली तरी कळत नसेल, तरीही.

तपासणी सोपी आहे, पण चुकीची केली तर खोटा दिलासा देते. 512 हर्ट्झचा काटा कान तपासायचा. तो इथे चालत नाही. काटा दांड्याला धरावा, पात्यांना बोट लागले की कंपन मरते. टेबलावर आपटू नये, स्वतःच्या तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर मारावा. फार जोराने मारला तर रुग्ण कानाने ऐकून ‘हो’ म्हणतो. आधी मनगटावर किंवा गळ्याच्या हाडावर टेकवून थरथर म्हणजे काय ते दाखवावे, मग डोळे मिटायला सांगावे. काटा अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखाच्या अगदी मागे, हाडावर उभा आणि एकसारख्या दाबाने टेकवावा. खालच्या मऊ मांसावर नाही.

सर्वांत मोठी गफलत प्रश्नात होते. ‘कळतंय का?’ विचारले की रुग्णाला काट्याचा दाब जाणवतो आणि तो हो म्हणतो. ‘थरथर आहे की नुसता स्पर्श?’ असे विचारावे. प्रत्येक पायावर तीनदा काटा टेकवावा, त्यात एकदा मुका, म्हणजे न वाजवलेला. तीनपैकी दोन उत्तरे बरोबर आली तर ठीक. नाही आली, तर घोट्याच्या हाडावर, मग गुडघ्याखालच्या हाडावर बघत वर जावे. डिसेंबरच्या सकाळी गार फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा पाय आधी ऊबदार होऊ द्यावा. थंड त्वचेत ही संवेदना मंदावते.

अंगठ्यावर थरथर कळली नाही म्हणजे दोष साखरेचाच, असेही नाही. सत्तरीनंतर ती वयानेही कमी होते. बी-12 जीवनसत्त्व कमी असेल तर मज्जारज्जूचा नेमका हाच मागचा भाग बिघडतो. शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी ही रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करावी. वेळेत इंजेक्शने मिळाली तर सुधारणा होते, उशीर झाला तर काही नुकसान कायमचे राहते. थायरॉईड, मूत्रपिंड आणि दारू यांचाही विचार व्हावा.

संवेदना कमी झालेल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघावेत, आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर जाड मोज्यांशिवाय पाऊल टाकू नये. फोड येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. जखम चिघळल्यावर माणूस दवाखान्यात येतो.

टाईप 2 मधुमेहात निदान झाल्यापासूनच वर्षातून एकदा ही तपासणी व्हायला हवी. महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि शिबिरे घेणाऱ्या मंडळांनी तपासणीच्या कार्डावर साखरेच्या आकड्याखाली दोन रकाने वाढवावेत, उजवा अंगठा आणि डावा अंगठा, आणि थरथर कळली नसेल तर ती कुठल्या हाडावर कळू लागली तेही तिथेच लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

– एक न्यूरो-फिजिओथेरपिस्ट, धंतोली, नागपूर