पांढरा पट्टा

डर्बी, ६ नोव्हेंबर २०२२

प्रिय अव्या,

इकडे सगळे ठीक. माझी पाठ आहे तशीच, आईची शुगर आटोक्यात, थंडी सुरू झाली. तब्येतीचं झालं.

गणपतीत तुझा मेसेज आला होता, ‘डिसेंबरात येताना थंडरबोल्ट आण, सई रोज विचारते.’ मी त्याला नुसता अंगठा दिला आणि गप्प बसलो. दिवाळीला कुणीतरी मला पाठवलेला चकाकता दिवा तुझ्याकडे ढकलला. तेव्हाच तुला कळायला हवं होतं की काहीतरी भानगड आहे. मधे तू फोन केलास तर मी ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालो. रविवार होता रे.

तर सांगूनच टाकतो. आपण हॉस्टेलवर जोडलेल्या रेझिनच्या थंडरबोल्टचा, त्या खेळातल्या विमानाचा, डावा पंख गेला. तुझ्या आजोबांनी, आबांनी, ओढलेला पांढरा पट्टा होता तोच.

शिव्या देऊन घे, मग पुढे वाच.

जुलैत इथे काय उकडलं ते बातम्यांत बघितलं असशील. १९ जुलैला कॉनिंग्सबीला ४०.३ अंश. या देशात पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला, आणि तो आकडा लागला कुठे, तर हवाई दलाचा तळ असलेल्या गावी. आपल्याकडे चाळीस म्हणजे एप्रिलातला कुठलाही मंगळवार. पण इथली घरं ऊब कोंडून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही. ऑफिसात एसी आहे म्हणून मी त्या दिवशी आवर्जून ऑफिसला गेलो. विमान राहिलं दक्षिणेच्या खिडकीत, बंद काचेच्या आत. संध्याकाळी येऊन बघतो तर डावा पंख खाली लोंबलेला. पावसात भिजलेला कावळा विजेच्या तारेवर बसतो ना, तसा.

रेझिन तापलं की वाकतं, हे काही मला नवीन नव्हतं. सरळ करायचं कसं तेही माहीत होतं. हॉस्टेलवर बादलीत हीटरची कांडी सोडून तूच केला होतास की हा उद्योग, शेपटीच्या वेळी. गरम पाण्यात बुडवायचं, बोटांनी हळूच वळवायचं, लगेच गार पाण्यात धरायचं. मी तसंच केलं, फक्त घाई केली. पाणी जरा जास्तच कढत होतं. पंख सरळ झाला आणि त्याच क्षणी सांध्यातून निखळून माझ्या हातात आला. सोळा वर्षांपूर्वीचा सुपरग्लू. त्याचंही मी मनाला लावून घेतलं नसतं. पण पंख टिपायला कापड लावलं आणि दुधावरची साय यावी तसा रंग कापडाबरोबर उचलून आला. आबांचा पट्टा अर्धा पंखावर आणि अर्धा माझ्या किचनच्या फडक्यावर.

आता यातली दुसरी गोष्ट. ती मी तुला सोळा वर्षं सांगितलेली नाही.

रंग असा साल निघाल्यासारखा का निघाला, ते तुला लगेच कळलं असणार. साचातून भाग सुटावा म्हणून साच्याला आतून जो तेलकट थर लावतात, तो रेझिनला चिकटून येतो, आणि तो साबणाने धुतला नाही की रंग वर नुसता बसून राहतो, धरत नाही. तू मला दहादा बजावलं होतंस, ‘भाग आधी धू, ब्रशने घास, मग प्रायमर.’ मी ‘धुतले’ म्हणालो. अव्या, मी धुतले नव्हते. २००६च्या वर्ल्ड कपची फायनल होती ती रात्र. झिदानने डोकं मारलं आणि सगळी मेस बोंबलत होती, तेव्हा आपले भाग माझ्या टेबलावर कोरडे ठणठणीत पडले होते. सकाळी तू विचारलंस आणि मी बिनदिक्कत हो म्हणून टाकलं. पुढे नाकावरच्या तोफांचा रंग उडाला तेव्हा तू स्वस्त प्रायमरला शिव्या घातल्यास, दुकानदाराशी भांडून आलास, आणि मी तुझ्या शेजारी मान हलवत उभा होतो. त्या बिचाऱ्याने शेवटी दुसरा डबा फुकट दिला होता.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटतंय. तुला वाटणार नाही, माहीत आहे.

क्लबात हे एकालाच सांगितलं. ते निवृत्त लॉरीवाले काका, मागे तुला फोटो पाठवला होता ना, ऑर्क घेऊन खेळतात ते. आपल्या त्या वॉरहॅमरमधल्या विमानांच्या लढाईच्या खेळाची आम्ही आता २०१९ची आवृत्ती खेळतो. षट्कोनी घरांचा पट, प्रत्येक विमानाच्या बैठकीवर उंचीची आणि वेगाची फिरती चकती. तुझ्यामाझ्या वेळी घरंबिरं नव्हती, तेव्हा ‘एवढं वळलं की तेवढं’ यावर पाऊण तास जायचा. आता भांडण नाही. मजाही थोडी कमीच. थंडरबोल्टचा स्वभाव मात्र तोच. खेळातल्या त्या हलक्या लाइटनिंग विमानासारखं टाचेवर गर्रकन फिरत नाही, पण मार खातं आणि नाकासमोर जो येईल त्याला चार ऑटोकॅनन आणि दोन लॅसकॅनन एकदम देतं. परवा मी चार थंडरबोल्ट घेऊन बसलो आणि काकांनी ऑर्कांची ती खटारा जेट थेट समोरून अंगावर घातली. जवळ आल्यावर ऑर्क मूठभर फासे टाकतात, तुला आठवतच असेल. चारातली दोन माझी तिथेच गेली. तू असतास तर म्हणाला असतास, ‘लाइटनिंग घे म्हणून सांगतोय २००७ पासून.’ नाही घेणार. वजनदार लढाऊ विमान उडवायचं म्हणजे आधी दोन डाव पुढचं बघायचं, मग वळायचं. तुझ्याने ते कधी झालं नाही म्हणून तुला लाइटनिंग आवडतं. आणि थंडरबोल्ट मुळात हवेतल्या लढाईचं, अंतराळातल्या लढाईसाठी फ्युरी हे वेगळं विमान आहे, हे तू अजून मान्य केलेलं नाहीस. इथे लेखी नोंदवून ठेवतो.

काकांचं म्हणणं सोपं होतं. सगळा रंग उतरव, धू, नवा पंख लाव, पुन्हा रंगव, आहे काय त्यात. सुटा पंख मला कुठे मिळेना, ते सोड. त्यांनी फडक्याचा फोटो बघून विचारलं, पंखावर हा पांढरा पट्टा कशाला? खेळातल्या इम्पीरियल नेव्हीच्या कुठल्या स्क्वॉड्रनचा? मी म्हटलं, स्क्वॉड्रनचा नाही, बर्माचा. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. खरी थंडरबोल्ट, अमेरिकेची पी-४७, ब्रिटिशांनी आठशेच्या वर घेतली आणि लढवली ती आपल्या बाजूला, बर्मावर. इंग्लंडच्या आकाशात त्यांची लढाई कुणी पाहिलीच नाही. काका इथेच जन्मलेले, विमानांचे वेडे, आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं. साताऱ्याच्या ओटीवर बाजेवर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं.

ती दुपार मला हल्ली सारखी दिसते. तू विमान आबांच्या हातात दिलंस आणि ओरडून सांगितलंस, ‘थंडरबोल्ट!’ त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, नाकावर बोट फिरवलं आणि विचारलं, “ह्याचा पंखा कुठंय? चार पात्यांचा असतो.” आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तोवर आबा युद्धावर कधी बोललेच नव्हते, ना रे? लष्करी ट्रक चालवायचे एवढंच तू सांगितलं होतंस. मग ते बोलायला लागले. १९४५, बर्मातला मेक्टिलाचा रस्ता, धूळ, आणि वरून येणारा तो आवाज. “हत्ती उडाल्यागत,” म्हणाले. तू लगेच आकडे घेऊन बसलास, दोन हजार अश्वशक्ती, आठ मशीनगन, भरलेलं वजन सात-आठ टन. आबा म्हणाले, “टन तू मोज. आम्ही खाली आडवे पडायचो.”

आणि तू मोठ्या हौसेने काढलेला लाल गरुड त्यांनी पाहिला. “लाल काढ.” का, तर त्यांच्याकडच्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला होता, गोलातलासुद्धा. जपान्याचा लाल गोळा असायचा, खाली बंदूक धरून बसलेल्या घाबरलेल्या पोराला फरक काय कळणार. “आन पट्टा कुठाय? पांढरा पट्टा हवा पंखावर. न्हाईतर आपलेच लोक पाडतील.” तू म्हणालास, आबा, हे चाळीस हजार सालातलं विमान आहे. ते म्हणाले, “तवा काय माणसं घाबरायची थांबलीत व्हय?”

आपला पांढरा रंग वाळून दगड झाला होता. त्यांनी तुझ्या बाबांच्या टेबलावरून व्हाईटनरची बाटली मागवली. हात किती थरथरत होता. डाव्या पंखावर आडवा पट्टा ओढला, एका कडेला जाड, दुसरीकडे निमुळता, आणि शेवटी एक थेंब ओघळून मागच्या कडेपर्यंत गेला. तू पुसायला गेलास तर हातावर फटका बसला. उजवीकडचा पट्टा उद्या म्हणाले, तो राहिलाच. एकाच पंखावर पट्टा असलेलं जगातलं एकमेव थंडरबोल्ट आपलं. २००९मध्ये आबा गेले तेव्हा मी इकडे यायच्या गडबडीत होतो, दहाव्यालाही आलो नाही. त्यावर तू काहीच बोलला नाहीस, उलट विमानच माझ्या बॅगेत कोंबलंस. ‘दर पाच वर्षांनी पाळी बदलायची’ असं ठरलं होतं. २०१४ला तू मागितलं नाहीस, २०१९ला मी दिलं नाही. हेही माझ्याच खात्यावर मांड.

तर आता अडलंय ते असं. काकांच्या मताने नवा रंग दिला तर पट्टा मी ओढणार. माझा हात थरथरत नाही. मुद्दाम थरथरवून बघितला कागदावर. इतकं खोटं दिसलं की कागद फाडून टाकला. पट्टा न ओढता आणलं, तर सईला काय दाखवणार? तू तिला पणजोबांची गोष्ट सांगून बसला असशीलच, तुझं तोंड मला माहीत आहे. हुबेहूब बनवून तुझ्या हातात द्यावं आणि काही सांगूच नये, हाही विचार दोन रात्री केला. तू ओळखलं असतंस का? मला वाटतं ओघळावरून ओळखलं असतंस. आणि नसतं ओळखलं तर मला ते जास्तच लागलं असतं.

पी-४७चा तो अमेरिकी पायलट रॉबर्ट जॉन्सन आठवतो? १९४३च्या जूनमध्ये चाळण झालेलं विमान घेऊन परत आला. खाली उतरून भोकं मोजायला लागला आणि दोनशेला कंटाळला. जर्मन पायलटच्या गोळ्या संपल्या तरी ते विमान पडेना. तू हे हॉस्टेलभर सांगत फिरायचास. आणि आपलं थंडरबोल्ट काय, तर खिडकीतल्या उन्हाने गेलं. जॉन्सनला कळवू नकोस.

उरलेला अर्धा पट्टा पंखावर आहे, ओघळासकट. फडक्यावरचा तुकडा मी सोडवला, तीन तास लागले, चिमट्याने. नखाएवढे चार तुकडे झाले. ते काड्यापेटीत कापसावर ठेवलेत. बायको म्हणते, दुधाचे दात ठेवल्यासारखे काय ठेवलेत.

तुझं काय चाललंय? घराचा स्लॅब पडला का? वहिनींच्या सेट परीक्षेचं काय झालं, की मी विचारायचं नाही? बाबांचे गुडघे? बदलीचं ऐकलं, कोल्हापूर म्हणजे बरंच की, तांबडा-पांढरा घरच्या दारात. गुरुवारी आपली इंग्लंडशी सेमीफायनल आहे आणि ऑफिसात मी एकटा भारतीय. जिंकलो तर पेढे नेणार आहे, हरलो तर पाठीचं कारण सांगून घरून काम.

मी १७ डिसेंबरला रात्री मुंबईत उतरतो, १९ला साताऱ्यात. विमान आहे तसं आणतोय, धड वेगळं, पंख वेगळा, काड्यापेटी वेगळी. पायमोज्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेत. काहीही चिकटवलेलं नाही, काहीही रंगवलेलं नाही. इकडून गोंद आणत नाही, सिक्युरिटीवाल्याला काय काय समजावणार. अ‍ॅराल्डाइट तू आणून ठेव, आणि व्हाईटनर मिळतं का बघ, ब्रशवालं, पेनवालं नको. उजव्या पंखाचं काय करायचं ते सईला विचार.

आणि या वेळी भाग मी धुणार. तुझ्या समोर.

तुझा,
नित्या