धरण किती भरलं छापता, किती रिकामं तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जुलै निम्मा झाला की तुमच्या पेपरात धरणांचा तक्ता चालू होतो, कोयना एवढे टक्के, वारणा एवढे, राधानगरी एवढे, आणि ऑगस्ट लागता लागता मथळा ठरलेलाच, धरण भरलं, वर्षाची चिंता मिटली, सोबत सांडव्यावरून कोसळणाऱ्या पांढऱ्या पाण्याचा फोटो. तुम्हाला आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला तो फोटो बघून बरं वाटत असेल. मी शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो मथळा वाचला की माझ्या पोटात गोळा येतो.

का ते सांगतो. आमच्याकडं नदीवर शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात, कुणाची काठावर, कुणाची जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर. पाणी चढायला लागलं की मोटार काढून वर आणायची, पाणी आणि चढलं की तिथनं काढून आणखी वर, पाइप सोडायचे, स्टार्टरची पेटी सोडवायची, आणि हे सगळं चिखलात, पावसात, बॅटरीच्या उजेडात, कारण लाईट तोवर बंद केलेली असते. रात्री अकराला फोन येतो, तात्या, आणि किती चढंल वो? आता मी काय हवामान खातं आहे का? पण तो विचारतो कारण त्याला ठरवायचं असतं की मोटार बांधावर ठेवली तर चालंल का ट्रॉलीत घालून घरीच न्यायची. चुकलं की ती मोटार पूर ओसरल्यावर माझ्या दुकानात येते, आत गाळ गच्च, बेअरिंग गेलेलं, वाइंडिंग जळालेलं नसलं तरी ओलीनं गेलेलं. २०१९ नंतर माझ्या दुकानासमोर मोटारींची रांग रस्त्यापर्यंत होती. धंदा झाला म्हणाल तर झाला, पण निम्म्या लोकांकडं द्यायला पैसे नव्हते आणि माझंच दुकान आधी गाळातनं काढायचं होतं. भिंतीवर हिरव्या ऑइल पेंटनं मी रेघा मारून ठेवल्यात, २००५, २०१९, २०२१. गिऱ्हाईक आलं की आधी रेघांकडं बघतं मग मोटारीचं बोलतं.

आमच्या पोरांना पाढे येवोत न येवोत पण कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५, हे पाठ असतं. नृसिंहवाडीत पाणी देवळात शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक स्नानाला येतात, तोवर आनंदच असतो. त्याच्या वर चढायला लागलं की घरातल्या बायका पेट्या माळ्यावर टाकायला लागतात.

आता टक्क्यांचं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. तुम्ही छापता कोयना ९० टक्के. म्हणजे उरली जागा साधारण साडेदहा टीएमसी. वर घाटात कोसळायला लागलं आणि धरणात लाखभर क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला लाखभर घनफूट, पाणी यायला लागलं तर दिवसाला ८.६४ टीएमसी येतं, हा काय मोठा शोध नाही, एका दिवसाचे ८६ हजार ४०० सेकंद, गुणून बघा. म्हणजे एक थेंब सोडला नाही असं धरलं तरी ९० टक्के भरलेल्या कोयनेत २९ तासांची जागा आहे. ७० टक्के भरलं असतं तर साडेतीन दिवसांपेक्षा जास्त. तुमच्या लेखी ९० टक्के ही चांगली बातमी आणि ७० ही काळजीची, आणि आमच्या लेखी ऑगस्टच्या सुरवातीला नेमकं उलटं. धरण भरल्यावर येईल तेवढं खाली सोडावंच लागतं, त्यात तिथल्या इंजिनिअरचा दोष नाही, धरण फुटू द्यायचं का? कोयनेचे सहा दरवाजे उचलले की ते पाणी कराडवरनं कृष्णेतनं सांगलीला यायला दिवसभर तरी जातो, आणि तोवर वारणा हरिपूरला येऊन मिळालेली असते, पुढं पंचगंगा नृसिंहवाडीला तयारच असते. तिघींचं पाणी एकदम आलं की मग पाणी पुढं सरकतच नाही, उलटं ओढ्यानाल्यांतनं रानात फुगवटा चढतो. आमच्याकडची नदी फार सपाट आहे साहेब, घाटातनं धावत येते आणि इथं येऊन बसते.

आणि टक्के हा प्रकारच फसवा आहे. खडकवासला भरलं की केवढी बातमी होते, त्याची क्षमता दोन टीएमसीसुद्धा नाही. कोयना ६० टक्क्यांवर असताना जी रिकामी जागा असते त्यात एकवीस खडकवासला बसतात. तक्त्यात मात्र दोन्ही एकाखाली एक, एकाच मापानं.

मी मोटारवाला माणूस, पण २०१९ च्या पुरानंतर या विषयाचं मिळेल ते वाचत आलोय. आपल्याकडची बहुतेक धरणं सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधलीत, पुरासाठी म्हणून वेगळी जागा त्यात सोडलेली नसते. कुठल्या तारखेला पाणी कुठल्या पातळीपर्यंत ठेवायचं याचं एक वेळापत्रक असतं आणि ते मागच्या वर्षांच्या नोंदी बघून ठरवलेलं असतं. सगळ्या खोऱ्याचंच तसं आहे. कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटलं ते बच्छावत लवादानं, १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतच्या ७८ वर्षांच्या नोंदी धरून, शंभरातली ७५ वर्षं हमखास मिळेल असं पाणी २०६० टीएमसी. नंतर ब्रिजेशकुमार लवादानं ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या तर आकडे बदलले. नोंदी घेणाऱ्यांचं चुकलं असं म्हणत नाही मी, ज्यांनी शंभर वर्षं रोज पट्टी वाचून आकडा लिहिला त्यांना सलामच आहे. पण या सगळ्या हिशोबात एक गोष्ट धरून चाललेली असते, की नदी आजवर वागली तशीच पुढं वागणार.

आणि संशोधन करणारे लोक तेच सांगतायत की तसं राहिलेलं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या भागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, अरबी समुद्राकडून बाष्प एकदम लोटून येतं म्हणून, आणि त्याच काळात मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. हवा एका डिग्रीनं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, हे तर आता शाळेतल्या पोराला पण शिकवायला पाहिजे. म्हणजे वर्षाची सरासरी बघाल तर सगळं ठीक दिसतं, पण पूर्वी जो पाऊस महिनाभर रिपरिप करत पडायचा तो आता चार दिवसांत पडून जातो आणि मग पंधरा दिवस ऊन. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, दोन फुटाला थोडा कमी, एका दिवसात! चार महिन्यांत सावकाश भरायचं म्हणून आखलेलं धरण असल्या पावसात आठवड्यात भरतं, आणि तुम्ही मथळा देता चिंता मिटली.

आता कुणी म्हणेल मग धरण रिकामं ठेवा की. एवढं सोपं नाही आणि मी ते म्हणत पण नाही. माझी बहीण जत तालुक्यात दिलीय. जिल्हा शेजारचाच, सांगली, पण इकडं आम्ही होडीत बसलेलो असतो आणि तिकडं ती टँकरची वाट बघत असते. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या योजना याच नदीतनं पाणी उचलून तिकडं नेतात. ऑगस्टमध्ये जागा ठेवली आणि पुढं पाऊस आलाच नाही तर उन्हाळ्यात दाजी मला फोन करून काय म्हणतील ते मला माहितेय. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, त्या वर्षी कुणी आधीच धरण खाली करून बसला असता तर लोकांनी त्याला फाडून खाल्ला असता. आणि हे पण खरं की धरणं अगदी रिकामी असती तरी २०१९ चा पूर पूर्ण टळला नसता, कारण धरणांच्या खालच्या भागात जो पाऊस पडतो तो अडवायला कुणीच नाही, तो सरळ नदीत.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर मी लिहिणार नव्हतो पण त्याशिवाय आमच्याकडचं पत्र पूर्ण होत नाही. चहाच्या टपरीवर निकाल कधीच लागलाय, पूर अलमट्टीनं आणला. पुराची कारणं शोधायला नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला, त्यात अलमट्टीवर ठपका नाही, हे मी टपरीवर सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. आता अलमट्टीची उंची ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करायची म्हणतायत, त्याला माझा पण विरोध आहे, भीती वाटते म्हणून आहे. पण सगळा दोष खाली कर्नाटकात ढकलून मोकळं झालं की वर आपण काय करतोय, पूररेषेच्या आत कुठले प्लॉट पाडतोय, ओढे कुणी बुजवले, हे कुणी विचारतच नाही. माझ्या दुकानामागचा ओढा आता पाइपमधनं जातो, एवढंच सांगतो.

तर माझं म्हणणं तुमच्या तक्त्यापुरतं आहे. धरण चालवणाऱ्यांना सल्ला द्यायची माझी लायकी नाही. पण टक्क्याच्या शेजारी आणखी काही रकाने टाका. आज जागा किती टीएमसी रिकामी आहे. आत पाणी किती क्युसेकनं येतंय. बाहेर किती सोडतायत. आणि याच तारखेला वेळापत्रकाप्रमाणं पातळी किती पाहिजे होती आणि आहे किती, हे छापलंत तर उपकार होतील. केंद्रीय जल आयोग आठवड्याला जलसाठ्यांचं बुलेटिन काढतं, त्यात गेल्या दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना असते, ती द्यायला पण काही हरकत नाही. लोकांना समजणार नाही असं तुमच्या ऑफिसात कुणी म्हणालं तर त्यांना आमच्याकडं पाठवा, इथं आठवी नापास माणूस क्युसेकचं फुटात करून सांगतो, कारण त्याची मोटार त्याच्यावर ठरते.

जागा नाही म्हणू नका. राशिभविष्याला रोज पाव पान जातं, कर्क राशीला जलप्रवास संभवतो असं छापलेलं मी ऑगस्टमध्ये स्वतः वाचलंय.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला वाचक, शिरोळ तालुका